पोलादाचा एक्स-रे आणि माणसाचा एक्स-रे

वालचंदनगरमध्ये एक्स-रे काढणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. एक दवाखान्यातली, दुसरी कारखान्यातली. शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, त्याच्या जोडीला यंत्रं घडवणारा कारखाना वाढत गेला आणि उसाच्या मिलपासून अणुवीज केंद्रांच्या भागांपर्यंत कामं तिथे होऊ लागली. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ अग्निबाणावर स्वार होऊन गेलं, त्याच्या एस-२०० बूस्टरचे भाग इथलेच. या बूस्टरचा व्यास ३.२ मीटर. एवढ्या मोठ्या कामात वेल्डच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिला का, चीर गेली का, हे वरून कळत नाही. म्हणून पोलादाचाही एक्स-रे काढावा लागतो.

खालच्या संवादातले मामा आणि भाची मी रचलेले आहेत. त्यांचा वाद मात्र खरा आहे. इंदापूर-बारामती भागात बारावी सायन्स झालेलं मूल ज्या घरात आहे आणि मेडिकलचा आकडा जिथे गाठला गेलेला नाही, तिथे निकालानंतर तो हमखास होतो. मामा कारखान्यातून निवृत्त झालेले, जन्मभर वेल्डचे एक्स-रे काढलेले. भाची पुण्याला पदवी करून आलेली, सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात नोकरीला. विषय मामांच्या नातीचा. तिला एक्स-रे टेक्निशियन व्हायचं आहे.

मामा : मी सरळ सांगतो. वर्षभराचा कोर्स जवळपास मिळतोय. पोरीला एसटीचा पास काढून द्यायचा, सकाळी जंक्शनला गाडी धरायची, दिवेलागणीला घरी. चार वर्षं पुण्यात ठेवायची, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, आणि शिकायचं काय? पेशंट उभा करून बटण दाबायला?

भाची : मामा, दुसऱ्या कुणी बटण म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही म्हणू नका. तुम्ही काय नुसतं बटण दाबत होता?

मामा : मी हेल्पर म्हणून लागलो. आधी फिल्म लावायला शिकलो, मग डार्करूम, मग सोर्स, म्हणजे किरण सोडणारा इरिडियमचा तुकडा. रात्रपाळीला शेड रिकामी करायची, दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, हातात सर्व्हे मीटर, आणि मगच इरिडियमचा कॅमेरा उघडायचा. इरिडियम-१९२ चं अर्धं आयुष्य ७४ दिवसांचं. म्हणजे आज जो फोटो पाच मिनिटांत येतो, त्याला अडीच महिन्यांनी दहा मिनिटं लागणार. हे गणित मला कुणी फळ्यावर शिकवलं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट आलं, ते सगळं मागाहून. हात आधी शिकला, कागद नंतर आला. म्हणून म्हणतो, पोरीला लवकर मशीनपाशी जाऊ दे.

भाची : मशीनपाशी लवकर जाऊ दे, हे मला शंभर टक्के मान्य. पण तुमचा पोलादाचा जॉब हलत नव्हता, मामा. त्याला दुखत नव्हतं. परवा एक म्हातारे आले, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेले, खुबा मोडलेला. पुस्तकात लिहिलंय, पाय पंधरा अंश आत वळवून फोटो घ्या. तो पाय वळवला असता तर मोडलेलं हाड आणखी सरकलं असतं. मग त्यांना न हलवता दुसरा पाय वर उचलून धरायचा, कॅसेट कडेला उभी करायची आणि किरण आडवा मारायचा. हे माहीत नसलेला पोरगा काय करेल? पाय धरून वळवेल.

मामा : एकदा कुणी दाखवलं की कळतं ते.

भाची : दाखवणारा पाहिजे ना. छातीचा साधा फोटो घ्या. सगळ्यांत सोपा वाटतो. पेशंटला कॅसेटकडे तोंड करून उभं करायचं, किरण पाठीकडून, अंतर १८० सेंटिमीटर, खांदे पुढे, दीर्घ श्वास, धरा. पाठीकडून का? हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं, ते फिल्मला जितकं जवळ तितकी त्याची सावली खऱ्या मापाची येते. आता तोच पेशंट खाटेवर आडवा आहे, उभा राहू शकत नाही. मग किरण पुढून येणार, अंतर कमी पडणार, हृदय आहे त्याहून मोठं दिसणार. फोटोवर ‘एपी, आडवा’ असं लिहिलं नाही तर रात्रपाळीचा डॉक्टर म्हणणार, हृदय वाढलंय. ज्याला दम लागलाय त्याला श्वास धरता येत नाही, मग वेळ कमी करायची आणि करंट वाढवायचा. डावं-उजवं शिशाचं अक्षर लावायला विसरलं तर पुढचं काय होईल ते मी बोलत नाही.

मामा : आमच्याकडे पण शिशाचे आकडे लावायचे. जॉब नंबर, जॉइंट नंबर. आणि पेनीट्रामीटर, म्हणजे फोटोचा दर्जा दाखवणारी पट्टी, नाहीतर इन्स्पेक्टर फिल्मला हातच लावायचा नाही.

भाची : आणि फोटो बिघडला तर?

मामा : परत घ्यायचा. वेल्डमध्ये दोष सापडला तर ग्राइंड करून उकरायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा फोटो.

भाची : तिथेच फरक आहे. पोलादाचा फोटो दहादा काढला तरी पोलादाचं काही जात नाही. माणसाच्या प्रत्येक जादा फोटोचा डोस त्याच्या अंगात जातो. छातीच्या साध्या एक्स-रेला तो अगदी थोडा, पण छातीच्या सीटी स्कॅनमध्ये साध्या एक्स-रेच्या पन्नास पटींहून जास्त. म्हणून पहिल्या वेळी बरोबर यायला हवा. आणि पहिल्या वेळी बरोबर येण्यासाठी आधी शेकडो वेळा कुणाच्या तरी देखरेखीखाली घेतलेला असायला हवा.

इथे मला दोघांना थांबवून एक सांगावंसं वाटतं. मामा ज्या पद्धतीने शिकले, ती पद्धत हिणवण्यासारखी नव्हती. कारखान्यात उमेदवारी करून शिकलेल्या माणसांच्या जोरावरच वालचंदनगरचं नाव देशभर झालं. पण त्या उमेदवारीत उस्ताद सतत शेजारी असायचा आणि सर्टिफिकेटशिवाय सोर्सला हात लावायची मुभा नसायची. आज एका वर्षाच्या नावाखाली जे काही ठिकठिकाणी विकलं जातं, त्यात अनेकदा उस्तादही नसतो आणि मशीनही नसतं. वर्गात बाकं, भिंतीवर सांगाड्याचा तक्ता आणि शेवटी एक प्रमाणपत्र, एवढंच. मामांना अभिप्रेत असलेलं शिक्षण हे नव्हे.

मामा : बरं, आपल्या लाइनीतल्या बिऱ्हाडाची सून घे. नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला गेली. पस्तिशी उलटल्यावर तिथल्या कम्युनिटी कॉलेजात हेच शिकली. दोन वर्षं. घरून जाऊन-येऊन. आज तिथल्या हॉस्पिटलात कामाला आहे. अमेरिकेला दोन वर्षं पुरतात आणि आपल्याला चार लागतात होय?

भाची : त्या दोन वर्षांत काय करून घेतात ते विचारा तिला. कम्युनिटी कॉलेज म्हणजे तिथली गावची, स्वस्त, दोन वर्षांची कॉलेजं. पहिलं इलिनॉय राज्यात जोलिएटला १९०१ मध्ये निघालं. आपल्याकडे पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये तो प्रयोग केला, पुढे २०१३ च्या सुमाराला यूजीसीने योजना काढली. पण अमेरिकेतला रेडिओग्राफीचा वर्ग कॉलेजात जेवढा भरतो, त्याहून जास्त रुग्णालयात भरतो. रुग्णालयात शिकायला जेवढ्या जागा, तेवढेच विद्यार्थी घेतात. एखादी तपासणी तुला येते असं लेखी ठरेपर्यंत शिकवणारा खोलीत शेजारी उभा पाहिजे. आणि फोटो परत घ्यायची वेळ आली, तर विद्यार्थी कितीही पुढे गेलेला असो, शिकवणारा शेजारी पाहिजेच. हा त्यांच्या मान्यता देणाऱ्या मंडळाचा नियम आहे. त्यानंतर देशपातळीवरची नोंदणी परीक्षा. ती घेणारी संस्था १९२२ पासून आहे.

मामा : म्हणजे दोन वर्षं पुरतात, हे तू कबूल करतेस.

भाची : अशी दोन वर्षं असतील तर पुरतात. मी वर्षं मोजतच नाही, तास मोजते. आपल्या देशातही २०२१ मध्ये कायदा झाला, अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा. एक्स-रे, सीटी, एमआरआय करणारे आम्ही त्यात आलो. त्या कायद्याने अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवायला किमान २००० तासांचं शिक्षण लागतं, तेही दोन ते चार वर्षांत पसरलेलं. हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आता तुमचा तो एका वर्षाचा कोर्स घ्या. आठवड्यातून तीन दिवस, रोज दोन तास. किती होतात?

मामा : पाचशेसुद्धा नाही भरत.

भाची : तीनशेच्या आसपास. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या सरकारी भरतीत ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ची जाहिरात आली की शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यातच पोरगी अडकणार. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी मी का केली? तीन वर्षं शिक्षण, वर वर्षभराची इंटर्नशिप. ते इंटर्नशिपचं वर्ष काढून घेतलं तर माझ्या पदवीत फार काही उरत नाही, हे मी स्वतः सांगते.

मामा : माझ्या मनात दुसरंच आहे. पोरीची जात. किरणांचं काम. लग्न व्हायचंय, मुलंबाळं व्हायचीत. तिची आजी रोज तेच म्हणते.

भाची : तुम्ही छातीवर बॅज लावून किती वर्षं काढली?

मामा : निवृत्त होईपर्यंत.

भाची : तुम्हाला तीन मुलं झाली. चांगली धडधाकट.

मामा : ते खरं. पण मी पुरुष.

भाची : बाईसाठी नियम जास्त कडक आहे, म्हणून जास्त सुरक्षित आहे. आपला जो अंगावर पडलेले किरण नोंदवणारा बॅज असतो, टीएलडी, तो दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा अशी : पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाईने दिवस गेल्याचं कळवलं की पुढच्या सगळ्या काळात गर्भाला मिळून १ मिलिसिव्हर्ट. तेवढीच मर्यादा सामान्य माणसाला वर्षाला असते. एक्स-रे खोलीची नऊ इंची विटांची भिंत, शिशाचं दार, काचेआडचं पॅनेल, अंगावर एप्रन, हे सगळं त्यासाठीच. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात, हे तुम्हाला मी काय सांगू? धोका नियम पाळणाऱ्या मुलीला नाही. धोका आहे तो बॅज खुंटीला टांगून काम करणाऱ्याला, आणि पेशंटला धरायला दरवेळी स्वतः आत उभं राहणाऱ्याला. हे करायचं नसतं, एवढं तरी कोर्समध्ये शिकवायला हवं.

आजीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. १८९५ च्या नोव्हेंबरात रंटगेन यांनी हे किरण शोधले, त्यानंतरच्या पहिल्या पिढीतल्या अनेक एक्स-रे काढणाऱ्यांचे हात भाजले, बोटं कापावी लागली, कित्येकांना कर्करोगाने नेलं. त्यांच्या नावांचं स्मारक १९३६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला उभं राहिलं. आजचे सगळे नियम त्या माणसांच्या हाडामांसावर लिहिले गेले आहेत. आजीला हे सांगून पटवावं लागेल, ‘तुला काय कळतं’ म्हणून चालणार नाही.

मामा : बरं, बायकांचं काम बाईने केलेलं बरं, हेही मला पटतं. छातीच्या फोटोला मंगळसूत्र काढायला सांगायचं म्हणजे...

भाची : रोजचा प्रसंग आहे. मणी फोटोत येतात, फुप्फुसावर डाग असल्यासारखे दिसतात. आमच्या भागातल्या बाया मंगळसूत्र काढायला तयार होत नाहीत, नवऱ्याकडे बघतात. मग मी त्यांना सांगते, माझ्या हातात द्या, फोटो झाला की लगेच गळ्यात घाला. आणि पोटाचा किंवा कमरेचा फोटो असेल तर पाळीची तारीख विचारावी लागते, दिवस गेलेत का ते विचारावं लागतं. ते दारात, रांगेत उभ्या असलेल्या पुरुषांसमोर विचारलं तर बाई खोटं सांगते. आत घेऊन, दार लोटून, हळू आवाजात विचारायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही, मामा. माझ्या सिनियर सिस्टरांनी मला शिकवलं.

मामा : आणि फोटो झाल्यावर? पेशंट विचारत असेल ना, काय दिसतंय म्हणून.

भाची : प्रत्येक जण विचारतो. म्हातारी तर हात धरते. दिसत असतं आपल्याला, कधी कधी फार वाईट दिसतं. पण रिपोर्ट देणं आमचं काम नाही, ते रेडिऑलॉजिस्टचं. सोनोग्राफीला तर आम्ही हातही लावायचा नाही, तिथे कायदाच आडवा येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये, आणि देशाचा कायदा १९९४ चा. म्हातारीला एवढंच सांगायचं, ‘फोटो चांगला आलाय आजी, डॉक्टर नीट बघतील.’ आणि आतून वाईट दिसलं असेल तर फाइल घेऊन स्वतः डॉक्टरांकडे जायचं, रांगेत ठेवायची नाही.

मामा : एमआरआयला तरी किरण नसतात ना? पोरीला तिकडेच घाल.

भाची : किरण नसतात, पण चुंबक कायम चालू असतं. रात्रीसुद्धा. २०१८ च्या जानेवारीत मुंबईला नायर रुग्णालयात एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआय खोलीत गेला, चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढलं, त्याचा जीव गेला. तेव्हापासून मी म्हणते, या कामात दारात उभं राहून ‘थांबा’ म्हणण्याची हिंमत हा निम्मा अभ्यासक्रम आहे. डॉक्टर घाईत असो, वॉर्डबॉय ओळखीचा असो, पेशंट पुढाऱ्याचा पाहुणा असो. अठरा वर्षांच्या पोरीला ती हिंमत येते कशी? आपल्याला काय माहीत आहे याची खात्री असली की येते.

मामा : सगळं मान्य. आता माझंही एक ऐकून घे. तू पुण्याला शिकलीस, तुझ्याबरोबरची पोरं कुठे आहेत?

भाची : पुणे, मुंबई. दोघं दुबईला.

मामा : आणि आपल्या भागात? भिगवणचा, निमगावचा, लासुर्ण्याचा पेशंट हात मोडला तर कुठे जातो? गाडी करून बारामती. रात्री गेला तर टेक्निशियन नाही, सकाळी या. मशीन असतं, चालवणारा नसतो. पुण्याला चार वर्षं राहिलेलं पोर परत येत नाही. तू आलीस, तुझं कौतुक आहे, पण तू एकटी आलीस. इथे राहून शिकलेलं पोर इथे राहील. माझं जवळच्या कोर्सचं म्हणणं पैसे वाचवायला नाही गं.

भाची : ...हे मात्र खरं आहे, मामा.

मामा : कारखाना सगळे कामगार मुंबईहून आणत बसला असता तर उभा राहिला असता का? इथल्याच शेतकऱ्यांच्या पोरांना वेल्डर केलं, फिटर केलं. मग दवाखान्याला इथलीच पोरं का नकोत?

भाची : हवीत. पण तास भरून हवीत. रुग्णालयात उभी राहून शिकलेली हवीत.

माझ्या मते या वादात मामा जागेबद्दल बरोबर आहेत आणि भाची तासांबद्दल. दोघांचं एकत्र बसवणं आता अशक्य राहिलेलं नाही. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आधीपासून आहे, इंदापूरलाही सरकारी रुग्णालय आहे. ऊसतोडीच्या हंगामात मोडलेल्या हाडांची आणि खोकल्याची तिथे कमतरता नसते. जिथे मशीन आहे, रुग्ण आहेत आणि शिकवायला रेडिऑलॉजिस्ट व अनुभवी टेक्निशियन आहेत, तिथेच दोन वर्षांचा, पुरे तास भरणारा, गावातून जाऊन-येऊन करता येणारा अभ्यासक्रम हवा, आणि विद्यार्थी तेवढेच घ्यावेत जेवढ्यांना खोलीत उभं राहायला जागा आहे. वालचंदनगरसारख्या गावात निवृत्त औद्योगिक रेडिओग्राफर आहेत. किरणांचं गणित, अंतराचा नियम आणि बॅजची शिस्त त्यांच्याइतकी चांगली कोण शिकवील? त्यांना आठवड्यातून एक तास तरी बोलवावं.

तोपर्यंत ज्या घरात यंदा हा वाद चालू आहे, त्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. फी भरण्याआधी संस्थेच्या ऑफिसात बसून विचारा की रुग्णालयातले तास किती, आणि ते कुठल्या रुग्णालयात. त्या रुग्णालयाशी झालेला लेखी करार दाखवा म्हणा. विद्यार्थ्याला टीएलडी बॅज मिळतो का, ते विचारा. प्रमाणपत्रावर कुणाची सही असते आणि त्यावर सरकारी भरतीत अर्ज करता येतो का, हे मागच्या जाहिरातीशी ताडून बघा. मग त्या रुग्णालयात जा, एक्स-रे विभागाच्या दारात अर्धा तास उभे राहा आणि तिथे काम करणाऱ्या टेक्निशियनला विचारा की या संस्थेची मुलं इथे येतात का. उत्तर ‘नाही’ आलं, तर ती संस्था घरापासून चार पावलांवर असली तरी तिथे एक रुपयाही भरू नका.